लाल दिव्यांची टोपी

६ फेब्रुवारी

भिंगरे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र फाडायचं असलं तरी एकदा हातात घ्यावं लागतं.

विशेष काही नाही. मी एक टोपी विकत घेतली आहे. बाहेरून सायकलवाले घालतात तशी दिसते, आतून मात्र लाल दिव्यांचे ठिपके आहेत. बटण दाबलं की सगळे एकदम लागतात. बायकांचे केस विरळ होतात, त्यावर घरच्या घरी करायचा उपचार आहे. एक दिवसाआड थोडा वेळ घालून बसायचं. वेळ झाली की पिपाणीसारखी वाजते आणि आपोआप बंद होते. दुखत नाही, चटका बसत नाही. चार-सहा महिने नेमाने केलं तर फरक पडतो म्हणे.

हे मला दुकानातल्या रेडिओने सांगितलं. तू तिला ओळखत नाहीस. आम्ही पडदे शिवतो, ती त्यांना इस्त्री करते, आणि दुकान उघडल्यापासून कुलूप लागेपर्यंत बोलते, म्हणून ते नाव. मी कधी कुणाला काही विचारत नाही हे तुला माहीत आहे. पण तिला विचारलं, केस फार गळायला लागले तर बायका काय करतात? माझ्यासाठी नाही, एका ओळखीच्या बाईसाठी, असंही सांगितलं. ती म्हणाली, "ओळखीच्या बाईला सांगा, माझ्या जावेनं टोपी घेतली. भांग रस्त्याएवढा झाला होता तिचा. आता गल्लीएवढा आहे."

माझाही भांग थोडा रुंद झाला आहे, एवढंच. वय झालं. शिवाय घरातलं माणूस गेलं की तीन-चार महिन्यांनी केस गळतात, असं कुठेतरी वाचलं. आईला जाऊन आता तेवढेच झाले.

आईचंही केसांपासूनच सुरू झालं होतं, ते मनात आलं म्हणून लिहिलं. तसं काही नसणार.

लेक बरी असेल. तिच्या परीक्षा जवळ आल्या असतील.

तुझी
ताई


२१ फेब्रुवारी

भिंगरे,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

टोपी चालू आहे. सोबत एक पुस्तिका आली आहे, ती मी नीट वाचली. केस कोरडे हवेत, तेल नको, आणि दिव्याचा उजेड टाळूपर्यंत पोचावा म्हणून केसांत फणीने वाटा पाडून मग टोपी ठेवायची. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसते, भिंतीकडे तोंड करून. खिडकीचा पडदा ओढून घेते, कारण समोरच्या इमारतीतून ते लाल दिसत असणार. माणसाचं डोकं आतून पेटल्यासारखं दिसतं ते.

केस मात्र आधीपेक्षा जास्त गळतात. पुस्तिकेत लिहिलं आहे की पहिल्या काही आठवड्यांत असं होऊ शकतं, जुने केस जाऊन नवे यायची जागा होते. ते पान मी पुन्हा पुन्हा वाचते. वाचलं की बरं वाटतं, आणि सकाळी उशी पाहिली की ते बरं वाटणं जातं.

दुकानात एक प्रकार झाला. एका गिऱ्हाइकाने बैठकीच्या खोलीचे पडदे परत आणले. अस्तराच्या शिवणीत एक लांब केस शिवला गेला होता आणि त्याचं टोक बाहेर लोंबत होतं. मालकीणबाईंनी तो सगळ्यांसमोर ओढून धरला. "पडद्याला शेपूट कुणी लावलं?"

रेडिओ म्हणाली, "बिलात धरा की. शेपटाचे पडदे कुठे मिळतात बाजारात?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण केस अर्धा काळा, अर्धा पांढरा होता आणि दुकानात तसे केस माझेच आहेत. दुसऱ्या दिवसापासून मी डोक्याला रुमाल बांधून मशीनवर बसते. मालकीणबाईंना वाटतं, काय शिस्तीची बाई आहे.

पहिल्यांदा रुमाल बांधला तेव्हा आरशात पाहिलं. आईच उभी होती.

आपल्या घरचे पडदे आठवतात ना? तू शाळेतून आलीस की दप्तर फेकायच्या आधी पडदा सर्रकन सरकवायचीस, आणि आई "डोळे दुखतात गं" म्हणून पुन्हा ओढून घ्यायची. तुला वाटायचं आईला अंधार आवडतो. मलाही तेच वाटायचं. उन्हात गेली की तिच्या गालांवर लाल चट्टे यायचे. ती म्हणायची, ऊन लागलं. केस गेले तेव्हाही म्हणाली, उन्हाने गेले. तिची मूत्रपिंडं थकली तोपर्यंत आपल्या घरात सगळं उन्हानेच होत होतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा तिला जिना चढवत नव्हता.

मला तसं काही नाही. मला जिना चढवतो.

ताई


१० मार्च

भिंगरे,

तुझं कार्ड आलं. 'टोपी घातलेला फोटो पाठव. बाकी मला काही बोलायचं नाही.' मी ते चार वेळा वाचलं. एवढं तरी लिहिलंस. फोटो पाठवणार नाही, तू तो सगळ्यांना दाखवशील.

आता खरं लिहिते. हसायचं ते हसून झालं असेल तर बसून वाच.

भांगाचं मी खोटं लिहिलं होतं. भांग जसा होता तसाच आहे. टाळूच्या थोडं डावीकडे एक जागा आहे, तिथे केस उरलेले नाहीत. आधी वाटाण्याएवढी होती, आता त्याहून मोठी आहे. चमकते. बोट फिरवलं तर काचेवरून फिरवल्यासारखं लागतं. तिच्या शेजारी आणखी एक सुरू होते आहे असं वाटतं, पण ती नुसती बोटाला लागते, आरशात धड दिसत नाही. टोपीची पुस्तिका ज्या केसांबद्दल बोलते, रेडिओच्या जावेचे जसे सगळीकडून विरळ झाले होते, तसे माझे नाहीत. हे मला पहिल्या दिवशीही कळत होतं. तरी मी टोपी मागवली. टोपी मागवली की डॉक्टरकडे जावं लागत नाही.

आता दुसरी गोष्ट. कपाळावर चट्टा आला आहे. लाल, थोडा खरखरीत. टोपीची कड टेकते तिथेच आहे, म्हणून आधी म्हटलं की घट्ट बसते, त्याने झालं असेल. मग एक गालावर आला. गालावर टोपी येत नाही.

पुस्तिकेत शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ आहे. ज्यांच्या त्वचेला प्रकाश सोसत नाही, किंवा ज्यांच्या घरात तसा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. ती ओळ मी पहिल्याच दिवशी वाचली होती आणि पान उलटलं होतं.

आता माझी पंचाईत अशी झाली आहे. हा चट्टा टोपीने आणला की तो आईचा आहे, हे मला सांगता येत नाही. टोपी नसती तर निदान कळलं असतं. मीच मध्ये दिवे लावून ठेवले. तू म्हणशील, मग बंद कर आणि बघ. तेच जमत नाही. टोपी बंद केली आणि चट्टा गेला नाही, तर मग दुसरं काही म्हणायला जागाच उरत नाही. म्हणून मी परवाही घालून बसले. ती वाजेपर्यंत काढली नाही.

रात्री झोप लागते. सकाळी जाग आल्यावर मात्र पहिला हात गालावर जातो आणि दिवसभर तिथेच जायला बघतो. शिवताना दोनदा सुई बोटात गेली.

कुणाला बोलले नाही. तुला लिहिते कारण तू दूर आहेस.

ताई


२४ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र मिळालं. एवढं मोठं पत्र तू मला कधीच लिहिलं नव्हतंस, आणि त्यातला अर्धा भाग शिव्यांचा आहे. 'शहाणी आहेस की कोण आहेस' पासून 'पडदेवाली कुठली' पर्यंत. ते सगळं बरोबर आहे. पण एका वाक्याला उत्तर द्यायला हवं.

तू लिहिलं आहेस, 'आईला माझ्यापासून लपवलंस, आता स्वतःला लपव. तुला तेवढंच येतं.'

तू दर आठवड्याला विचारायचीस, येऊ का? आणि मी म्हणायचे, या आठवड्यात नको, ती झोपलेलीच असते, जरा बरी झाली की ये. तू रविवारची तिकिटं काढलीस आणि आई गुरुवारी गेली. तू आलीस तेव्हा तिच्या डोक्यावर रुमाल नव्हता. तू तिचं डोकं पहिल्यांदा पाहिलंस ते असं. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. मी तुझ्या जागी असते तर मीही बोलले नसते.

पण 'नको' हे माझं नव्हतं. आई म्हणायची, "तिला नको बोलवूस. तिनं मला अशी बघायची नाही. तिच्या डोळ्यांसमोर मी वेणीतलीच राहू दे." तू फोन ठेवलास की लगेच विचारायची, "काय म्हणाली? येते म्हणाली? तू काय सांगितलंस?" आणि मी नको सांगितलं म्हटलं की भिंतीकडे तोंड करून रडायची. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तुला वाटलं असतं की आईलाच तू नको होतीस. त्यापेक्षा मी नको म्हटलं असं वाटलेलं बरं, असा विचार केला. बरोबर केलं की चूक, मला ठरवता येत नाही. तू लिहिलंस म्हणून सांगितलं, नाहीतर सांगितलं नसतं.

आता तुला हवी ती बातमी. टोपी बंद केली आहे. मी स्वतःहून केली असं नाही. परवा वाकून कापड उचलताना रुमाल मशीनच्या चाकात अडकला आणि डोक्यावरून ओढला गेला. रेडिओ समोरच उभी होती, हातात इस्त्री घेऊन. तिने पाहिलं. मी रुमाल सोडवून बांधेपर्यंत ती काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही हेच मला जास्त भयंकर वाटलं. जळका वास आला तेव्हा ती भानावर आली. एका झालरीवर इस्त्रीचा डाग पडला.

संध्याकाळी निघताना माझ्या पिशवीत चिठ्ठी टाकून म्हणाली, "तुमच्या त्या ओळखीच्या बाईचा नंबर लावलाय मी. कातडीच्या डॉक्टरीणबाई आहेत, चांगल्या आहेत, थोड्या फटकळ आहेत. सोमवारी सकाळी. ओळखीच्या बाईला म्हणावं, नाही गेलात तर मी मालकीणबाईंना शेपूट कुणाचं ते सांगेन."

जाते सोमवारी.

ताई


३ एप्रिल

भिंगरे,

गेले होते.

बाहेर बाकावर बसले होते तेव्हा उठून जायचं मनात तीन-चारदा आलं. शेजारी एक बाई बाळाला घेऊन होती, तिने माझ्या मांडीवर पिशवी ठेवली आणि म्हणाली, जरा धरता का. पिशवी धरली होती म्हणून उठता आलं नाही. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

डॉक्टरीणबाई तुझ्याहून लहान असतील. केस आखूड, चष्मा डोक्यावर. म्हणाल्या, "काकू, रुमाल काढा."

गाठ सुटेना. माझी बोटं वळत नव्हती. मी रोज गाठी मारते आणि सोडते, आणि ती एक गाठ मला सुटेना. त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "मी सोडू? की कात्री आणू?"

"नवा आहे रुमाल," मी म्हटलं.

"मग मीच सोडते."

त्यांनी भिंगाने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग विचारलं, "हे कुणी पाहिलंय आत्तापर्यंत?"

"कुणी नाही. दुकानातल्या एका बाईनं, चुकून."

"घरी?"

"घरी मीच असते."

टोपीचं सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "टोपीचा राग करू नका. ज्यांचे केस सगळीकडून बारीक होत जातात, त्यांतल्या काहींना तिनं फायदा होतो, मी स्वतः सुचवते कधीकधी. पण आधी केस का जातायत ते कळायला हवं. तुमच्या या जागेत मुळंच बुजलीत. तिथं मांडव घालून दिवे लावले तरी काही उगवणार नाही." मग आईचं विचारलं. आईच्या आजाराचं नाव मी आजवर मोठ्याने उच्चारलं नव्हतं. ल्युपस. ते म्हटलं आणि त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

टाळूचा बारीकसा तुकडा तपासणीला घेतला, एक टाका आहे. रक्त आणि लघवीही दिली. त्या म्हणाल्या, नुसतं बघून बरंच कळतं पण मी आत्ता सांगणार नाही, कागद येऊ दे. म्हणजे त्यांना कळलं आहे. त्यांनी सांगितलं नाही म्हणूनच मला कळलं.

निघताना विचारलं, "भावंडं किती?"

"एक बहीण. धाकटी."

"तिचं डोकं कुणी पाहिलंय? असतंच असं नाही, बहुतेकांना होत नाही. पण पाहायला काय जातं."

तुझं डोकं लहानपणी मीच पाहायचे. तू तीन मिनिटं बसायची नाहीस.

कागद सतरा तारखेला येतील. तू येते म्हणतेस, येऊ नकोस. लेकीच्या परीक्षा चालू आहेत आणि तुझी रजा फुकट जाईल. कागद तर आणायचा आहे, मी आणेन. तोवर उन्हात जायचं नाही असं सांगितलं आहे. दुकानात मी खिडकीपासून लांबच्या मशीनवर बसते. रेडिओने मालकीणबाईंना सांगितलं की उजेडाने माझं डोकं दुखतं. शब्द आईचेच होते, फक्त डोळ्यांच्या जागी डोकं आलं होतं.

खाते-पिते. काळजी करू नकोस.

ताई


२० एप्रिल

भिंगरे,

तू गेलीस आणि मी लिहायला बसले आहे. हे पत्र कुरिअरने पाठवणार आहे, उद्या मिळेल. शेवटपर्यंत वाच, मध्येच फोन करू नकोस.

तू बरंच बोललीस आणि मी नेहमीसारखी गप्प बसले. म्हणून आधी राहिलेली उत्तरं.

तू दुकानात शिरून सगळ्यांसमोर म्हणालीस, "ही बाई मला येऊ नकोस म्हणते. आईच्या वेळी ऐकलं. आता हिच्या बापाचंही ऐकणार नाही." आपला बाप एकच आहे हे तुझ्या लक्षात आलं नाही. मी तेव्हा मान वर केली नाही, पण हातातली शिवण वाकडी गेली ती तुला पाहून. रेडिओ बंद पडलेला त्या दिवशी दुकानाने पहिल्यांदा पाहिला. तू गेल्यावर म्हणाली, "ओळखीच्या बाईची बहीण जोरदार आहे हो."

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचून सांगितलं तेव्हा तू माझा दंड इतका घट्ट धरला होतास की अजून दुखतो. त्या काय म्हणाल्या ते मला अर्धंच ऐकू आलं. तू नंतर बाकावर बसवून सगळं पुन्हा सांगितलंस, एखाद्या पोराला सांगावं तसं. आईचाच आजार, पण माझा सध्या कातडीपुरता आहे. मूत्रपिंडं चांगली आहेत. गोळ्या घ्यायच्या, ऊन टाळायचं, ठरलेल्या वेळी तपासण्या करायच्या. गेली ती जागा परत येणार नाही, बाकीची वाचवता येईल. तू म्हणालीस, "आईला हे असं वेळेवर कुणी सांगितलं असतं तर ती आज असती." तू बरोबर बोलत होतीस, आणि बरोबर बोललेलं ऐकून मला आणखी भीती वाटत होती. मला बरं वाटायला हवं होतं. सगळ्यांना वाटलं मला बरं वाटलं. तशी मी अजून घाबरलेलीच आहे. पण काय आहे ते माहीत असलेली भीती निदान एका जागी बसून असते. आधीची घरभर फिरायची.

घरी आल्यावर तू रुमाल सोडलास. मला वाटलं तू रडशील. तू म्हणालीस, "ताई, चमकतंय की गं! उगाच दिव्यांची टोपी घेतलीस. आरसा धरला असतास तरी उजेड पडला असता." मग रडलीस. मग आपण दोघी.

इथपर्यंत सगळं तुला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही.

तू काल सकाळी खिडकीपाशी जमिनीवर बसलीस, वेणी सोडलीस आणि म्हणालीस, "आता माझं बघ. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय." मी चष्मा लावला. फणीने वाटा पाडत गेले, जशा टोपी घालताना माझ्या पाडायचे. तू लेकीचं सांगत होतीस, ती पेपर संपल्यावर केस कापून घेणार म्हणून हट्ट धरून बसली आहे, आणि तू नको म्हणतेस. तुझे केस अजून मुठीत मावत नाहीत. मी कपाळापासून सुरुवात केली. टाळू चांगली होती. डावी बाजू चांगली होती. माझ्या जिवात जीव येत होता.

मग उजवी बाजू आली.

तू विचारलंस, "काय गं, थांबलीस का?"

मी म्हटलं, "काही नाही. छान आहेत. घोड्याची शेपटी आहे नुसती."

तू हसलीस, वेणी घातलीस आणि चहा ठेवायला उठलीस.

मी खोटं बोलले, भिंगरे. ठरवून नाही बोलले. आपल्या घरची जीभच तशी वळते. कुणीतरी समोर बसलेलं असतं, पाठमोरं, निश्चिंत, आणि तोंडातून 'काही नाही' निघून जातं. आईचंही असंच निघत असेल. नंतर दिवसभर मी सांगेन म्हणत होते. जेवताना सांगेन, तू बॅग भरताना सांगेन, बसपर्यंत चालत जाताना सांगेन. तू खिडकीतून हात हलवत होतीस आणि मीही हलवत होते. रात्री फोन केला तेव्हाही तेच सांगायला केला होता. तू उचललास आणि मी विचारलं, "पोचलीस का नीट?"

तुझ्या समोर मला जमणार नाही. कागदावर जमतं. म्हणून लिहिते.

तुझ्या उजव्या कानाच्या मागे, केस सुरू होतात तिथून दोन बोटं वर, करंगळीच्या नखाएवढी जागा आहे. तिथे केस नाहीत. कडेने लालसर आहे, मध्ये पांढरट, त्यावर कोंड्यासारखे पापुद्रे आहेत. मी बोट दोनदा फिरवलं. दुसऱ्यांदा तू म्हणालीस, गुदगुल्या होतात.

ते काय आहे मला माहीत नाही. साधं गजकर्ण असेल, फणी लागून झालेली जखम असेल. मी डॉक्टर नाही. माझं सुरू झालं तेव्हा ते असंच दिसत होतं, एवढंच मला माहीत आहे. स्वतःचे कागद ऐकताना मी इतकी घाबरले नव्हते. फणी हातात होती आणि मला पुढची वाट पाडता येईना.

तुझ्या गावात कातडीचा जो डॉक्टर असेल त्याच्याकडे याच आठवड्यात जा. आईचं सांग, माझं सांग, नाव मोठ्याने सांग. त्यावर तेल, लेप, काही लावू नकोस. टोपीबिपी तर नाहीच. तारीख कळव, मी येते. रजा मालकीणबाईंकडे आजच मागून ठेवली आहे, कशासाठी ते सांगूनच.

आणि एक. आरशात तुला ती जागा दिसणार नाही. मी दोन आरसे धरून पाहिलं, कानामागचं दिसत नाही. दुसऱ्या कुणालातरी बघावं लागतं. हे पत्र वाचून झालं की लेकीला हाक मार, उजेडात बस आणि तिला केस बाजूला करायला सांग. परीक्षा संपू दे, मग सांगू, असं करू नकोस. ती घाबरेल. घाबरू दे.

ताई